शरीर-परिचय : पायांकडे जाणाऱ्या वाटा

गेल्या अंकी या सदरात आम्ही हाताच्या मज्जातंतूंचा परिचय करून दिला. त्यावर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रलेखकांना हाताशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांची विचारणा पायांविषयी होती. ते साहजिकही आहे. एक हात दुखला तर माणूस दुसऱ्या हाताने निभावून नेतो; पाय दुखू लागला की देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतचे अंतरही कोसभराचे वाटते. ग्वाल्हेरचे एक निवृत्त शिक्षक लिहितात की, कमरेतून निघालेली कळ पोटरीवरून थेट पावलापर्यंत उतरते, शेजारीपाजारी म्हणतात 'शीर दबली', तर ही शीर कोणती आणि ती दबते कोठे, हे एकदा समजावून सांगावे. बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र दोनच ओळींचे आहे. त्यांच्या सासूबाईंच्या पायातली चप्पल चालता चालता निसटून मागे राहते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. घरातील मुले आजीच्या विसरभोळेपणाला हसतात. या दुसऱ्या पत्राने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. त्याचे कारण यथाक्रम येईल.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या बोलण्यात 'शीर' किंवा 'नस' हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. पोटरीत गोळा आला की 'शीर चढली', रक्त काढणाऱ्याला हात सापडला नाही की 'शीर मिळत नाही', टाचेमागची जाड दोरी तुटली तरी 'शीर तुटली', आणि कंबर धरली की 'शीर दबली'. यांत पहिली वस्तू स्नायू आहे, दुसरी रक्तवाहिनी, तिसरी कंडरा आणि चौथी तेवढी मज्जातंतू. एकाच नावाखाली चौघे नांदत असल्यामुळे उपचारही एकाचा दुसऱ्याला होतो. मज्जातंतू पोकळ नसतो, त्यातून रक्त वाहत नाही. तो पांढुरका, दोरासारखा असतो आणि त्याच्या आवरणात हजारो सूक्ष्म धागे जुडीने बांधलेले असतात. काही धागे मज्जारज्जूकडून स्नायूंना आज्ञा नेतात, काही त्वचेची व सांध्यांची खबर वर आणतात. पायाच्या मोठ्या मज्जातंतूत हा निरोप सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. यातील नवल असे की, पावलातील लहानशा स्नायूला हलविणारी पेशी कमरेच्या वर, मज्जारज्जूत बसलेली असते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसणारही नाही एवढी लहान, परंतु तिचा एकच अखंड धागा मीटरभर लांब असतो.

मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली उतरतो, पण तो कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. गर्भ तीन महिन्यांचा असताना कणा आणि रज्जू यांची लांबी सारखीच असते. पुढे कणा झपाट्याने वाढतो आणि रज्जू मागे राहतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. तेथून पुढे कण्याच्या पोकळीत केवळ मज्जातंतूंची मुळे लोंबत जातात. शरीरशास्त्रज्ञांना तो झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसला आणि लॅटिनमधील 'कॉडा इक्विना' या त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. या मुळांतून कमरेच्या दोन्ही बाजूंस दोन जाळी विणली जातात. वरचे जाळे कमरेच्या पहिल्या चार मुळांचे. खालचे, कमरेच्या शेवटच्या दोन व त्रिकास्थीच्या वरच्या मुळांचे. पायाला मिळणारे सर्व तंतू या दोन जाळ्यांतून निघतात.

वरच्या जाळ्यातून निघणारा मोठा तंतू म्हणजे फीमोरल. जांघेच्या मध्याजवळून तो मांडीच्या पुढच्या भागात शिरतो आणि गुडघा सरळ करणाऱ्या चार स्नायूंच्या गटाला चालना देतो. तो दुबळा झाला तर जिना उतरताना गुडघा एकाएकी वाकतो व माणूस कोसळतो. मांडीवरून तिरपा जाणारा 'सार्टोरिअस' हा लांबट स्नायूही याच्याच अखत्यारीतला. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडी घालून शिवणकाम करणाऱ्याच्या बैठकीवरून हे नाव पडले. त्या नावाचा खुलासा युरोपियनापेक्षा आपल्याकडच्या माणसाला लवकर होतो. डॉक्टर गुडघ्याखाली हलकेच हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, त्या चाचणीतही या तंतूची परीक्षा होते. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. फीमोरलची एकच शाखा गुडघ्याखाली उतरते. तिचे नाव सॅफीनस. ती नडगीच्या आतल्या बाजूच्या त्वचेला संवेदना पुरविते आणि त्याच नावाच्या लांब नीलेच्या सोबतीने चालते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी पायातील हीच नीला काढून घेतात. त्यानंतर पुष्कळांना पोटरीची आतली बाजू महिनोन्महिने बधिर वाटते. 'हृदयाचे ऑपरेशन झाले आणि पायाला काय झाले?' असे विचारणाऱ्यांनी घाबरू नये. शेजाऱ्याच्या घरची भिंत पाडताना आपल्या भिंतीला थोडा धक्का बसावा, तसा हा प्रकार आहे.

मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेपुरता एक स्वतंत्र बारीक तंतू आहे. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ तो चिंचोळ्या जागेतून बाहेर येतो. पट्टा, परकराची नाडी किंवा धोतराची गाठ तेथे करकचून बांधली, अथवा पोटाचा घेर वाढला, की तो चिमटतो आणि मांडीवर तळहाताएवढ्या जागेत जळजळ व बधिरता येते. मनाचा थांग लावणारे सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःलाच हा त्रास होता आणि १८९५ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. या दुखण्यावरचा पहिला उपाय नाडी सैल करणे हा आहे. तो कमी खर्चाचा असल्यामुळेच की काय, कोणाला पटत नाही.

मांडीच्या आतील स्नायूंना ऑब्ट्युरेटर नावाचा तंतू असतो. त्याच्याविषयी एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ती घराघरांत ठाऊक असावी. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला एकाच तंतूच्या शाखा जातात. त्यामुळे खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते. लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी, सांध्याला आणि तो हलविणाऱ्या स्नायूंना एकच तंतू पुरवठा करतो, असा नियम सांगितला. त्यांची व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने आली. लहान मूल लंगडते आहे, गुडघा दुखतो म्हणते, पण गुडघ्यावर ना सूज ना लाली. अशा वेळी गुडघ्याचे फोटो पुन्हा पुन्हा काढत न बसता खुबा तपासून घ्यावा. खुब्याचा क्षय किंवा तेथील हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा विकार अशा वेळी हातचा निसटता कामा नये.

आता ग्वाल्हेरच्या शिक्षकांची 'शीर'. खालच्या जाळ्यातून निघणारा सायाटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू. उगमाशी तो सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढा रुंद असतो. श्रोणीतून तो नितंबात उतरतो, बैठकीचे हाड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा यांच्या साधारण मधून मांडीच्या मागच्या बाजूस येतो आणि गुडघ्याच्या वर दोन फाटे करतो. कोठे दुभंगावे याविषयी मात्र सर्व माणसांत एकवाक्यता नाही; काहींत ही फाटाफूट नितंबातच झालेली असते.

आपल्या प्राचीन वैद्यांनी या दुखण्याला 'गृध्रसी' म्हटले. सुश्रुतसंहितेत असे वर्णन आहे की, टाचेपासून बोटांकडे जाणारी कंडरा वाताने पीडित होते आणि मांडी वर उचलण्यास प्रतिबंध होतो. दोष कंडरेला दिला आहे, तंतूला नव्हे. परंतु सरळ पाय वर उचलता येत नाही हे निरीक्षण बिनचूक आहे. डॉक्टर आजही रुग्णाला उताणे निजवून त्याचा सरळ पाय हळूहळू उचलून पाहतात. ही चाचणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जात असली तरी १८८१ साली ती लिहून प्रसिद्ध केली ती त्यांच्या फोर्स्ट या शिष्याने. आणि त्याच्या वर्षभर आधी सर्बियाच्या लाझारेविच यांनी तीच गोष्ट मांडली होती. कीर्ती कोणाच्या वाट्याला जाईल हे सांगता येत नाही. दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे, हे इटलीतील कोतून्यो यांनी १७६४ मध्येच सांगितले. तंतू दबतो कोठे, याचा उलगडा मात्र १९३४ साली मिक्स्टर व बार या दोघा अमेरिकन शल्यवैद्यांनी केला. दोन मणक्यांमध्ये जी लवचिक चकती असते तिचे कडे फाटून आतील मऊ गर बाहेर येतो आणि मुळावर दाब आणतो. म्हणजे दुखते पोटरी, आणि दोष असतो कमरेत. पोटरीला कितीही तेल चोळले तरी हा दाब हलत नाही, ही गोष्ट शिक्षक महाशयांनी ध्यानात घ्यावी. चोळल्याने बरे वाटते, आणि बरे वाटण्याला आमचा विरोध नाही.

कोणते मूळ दबले आहे याचा अंदाज घरीही येतो. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चालून पाहावे. एका पायाचा चवडा वर टिकत नसेल तर कमरेचे पाचवे मूळ अडचणीत असण्याचा संभव असतो. चवड्यांवर चालता येत नसेल तर त्याच्या खालचे. अशा दुबळेपणाशिवाय नुसतीच कळ असेल तर धीर धरावा. बहुतेकांची कळ काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. पूर्वी महिना महिना अंथरुणाला खिळवून ठेवीत. ती पद्धत आता मागे पडली असून झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे, असेच सांगतात.

एका प्रसंगी मात्र धीर धरणे घातक ठरते. चकतीचा मोठा तुकडा मध्यावरच सरकला तर घोड्याच्या शेपटीसारखा तो सगळा झुबकाच चेंगरतो. मग दोन्ही पायांत कळ येते, बैठकीची आणि गुह्यांगाभोवतीची जागा बधिर होते, लघवी अडते किंवा नकळत होते. शरमेपोटी माणसे, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, हे बोलत नाहीत. कंबरदुखीच्या रुग्णाने असे काही सांगितले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. येथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

सायाटिकचा नितंबातील मार्ग आम्ही मुद्दाम तपशिलाने दिला, त्याला आणखी एक कारण आहे. नितंबाचे मनाने चार भाग केले तर या तंतूची वाट आतल्या व खालच्या भागांतून जाते; वरचा बाहेरचा चतकोर तेवढा त्यापासून दूर. म्हणून मोठ्या माणसाला सुई तेथेच टोचतात. तान्ह्या मुलाचे नितंब इतके लहान असतात की, तो चतकोर बोटभरही भरत नाही. लसीची सुई बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस देतात ती याचसाठी. तरीही साध्या तापासाठी नितंबात सुई देण्याचा आग्रह करणारे पालक आहेत आणि तो पुरविणारेही आहेत. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील दोन वर्षांचा मुलगा अशा एका सुईनंतर पाऊल ओढत चालू लागला. ताप तर सर्दीचा होता, तो सुईवाचूनही उतरला असता. पूर्वी पोलिओची साथ असताना अशा सुयांनी, अंगात विषाणू शिरलेल्या मुलांचे पाय लुळे पडण्याचा धोकाही वाढत असे. भारतातील त्या रोगाचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा ती भीती सरली. सुईने थेट तंतूच जखमी होण्याची भीती मात्र कायम आहे.

गुडघ्याच्या मागून सायाटिकचा जाड फाटा, टिबिअल, पोटरीच्या आतून खाली जातो, आतल्या घोट्यामागून वळतो आणि तळव्यात पसरतो. तळव्याला वाटेवरचा खडा, ओल, चटका जे काही कळते ते याच्या करवी. आता बडोद्याच्या सासूबाई. मधुमेहात जे तंतू सर्वांत लांब, ते सर्वांत आधी झिजतात. म्हणून बधिरता बोटांच्या टोकांपासून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी दोन्ही पायांत सारखीच वर सरकते. चप्पल पायात आहे की सुटली, हे तळव्याने सांगायचे असते. तळवा मुका झाला तर ते कळणार कसे? तेव्हा तो विसरभोळेपणा नव्हे. भगिनींनी सासूबाईंची रक्तशर्करा लगेच तपासून घ्यावी; मधुमेह पूर्वीपासून असेल तर पाय तपासून घ्यावेत. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरताही असाच परिणाम करते. ती शाकाहारी घरांत विरळा नाही आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनानेही येते.

या बधिरतेत दुखत नाही, हाच तिचा खरा धोका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तर फोड येतात आणि ते सायंकाळी पायपुसण्यावर पाणी दिसल्यावर कळतात. शेकाच्या पिशवीने टाच भाजते. चपलेत खिळा वर आलेला असतो आणि दिवसभर त्यावर चालणे होते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि पाय कापण्याची पाळी येते. ज्या जखमेची कळ आली असती तर ती पहिल्याच दिवशी धुतली गेली असती. म्हणून असा रुग्ण घरात असेल तर रोज रात्री त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. दृष्टी अधू असेल तर घरातील दुसऱ्याने पाहाव्यात. आंघोळीचे पाणी दुसऱ्याच्या कोपराने अजमावावे. मागे पट्टा असलेली, आतून मऊ चप्पल घालावी, आणि पायात घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकावी. देवळात मोजे घालून जाण्यास देवाची हरकत असेल असे आम्हांस वाटत नाही.

इंग्लंडातील इप्स्विचच्या रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी एक सोपी परीक्षा घरीही करता येते. आजीने डोळे मिटावे. नातवंडाने दोन्ही पावलांच्या अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, चोळू नये, गुदगुल्या तर मुळीच करू नयेत. स्पर्श कळला की आजीने उजवा की डावा ते सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी उत्तर आले नाही तर डॉक्टरांकडे जावे.

राहिला सायाटिकचा दुसरा फाटा. जुन्या पुस्तकांत त्याला पेरोनिअल म्हणत, नवी पुस्तके फिब्युलर म्हणणे पसंत करतात. वाद ग्रीक की लॅटिन एवढाच. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ वस्त्राला लावायच्या टाचणीचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, बारीक हाडाचा गोल उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मानेला हा तंतू वळसा घालतो आणि तेथे त्याच्यावर त्वचेखेरीज जवळजवळ काहीच नसते. एवढ्या महत्त्वाच्या तंतूला इतक्या उघड्या जागेतून नेण्यात निसर्गाने कोणता शहाणपणा पाहिला, कोण जाणे. तासभर उकिडवे बसून शेतात निंदणी केली, पायावर पाय टाकून वाचनात गढून गेलो, घट्ट प्लॅस्टर बसले, तर येथे दाब पडतो. पंगतीत किंवा भजनात बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्याचे कारण 'रक्त थांबले' असे सांगतात. पण मुख्यतः दबतो तो तंतू आणि त्याला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. मिनिटभरात मुंग्या उतरल्या तर चिंता नको. दाब फार वेळ राहिला तर चवडा उचलता येत नाही, पाऊल लोंबते आणि चालताना पाय उंच उचलून आपटावा लागतो.

कुष्ठरोगाचे जंतूही नेमकी हीच उथळ जागा धरतात, कारण त्यांना शरीरातील थंड भाग मानवतात. तेथे बोटाखाली तंतू दोरीसारखा जाड लागला तर तो या रोगाची खूण असू शकतो. १९८१ नंतर रूढ झालेल्या बहुऔषधी उपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. मात्र तंतू मरण्यापूर्वी ते सुरू झाले पाहिजे. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, या रुग्णांची बोटे रोगाने गळत नाहीत. वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी ती नष्ट होतात. म्हणजे मधुमेही आजीची आणि कुष्ठरुग्णाची अडचण मुळात एकच. लोंबणाऱ्या पावलावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेची युक्ती आम्हांस फार आवडते. टिबिअल तंतूवर चालणारा एक स्नायू पोटरीच्या मागे शाबूत असतो. त्याची कंडरा सोडवून पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूस जोडतात. पूर्वी पाऊल खाली ढकलणारा स्नायू मग ते वर उचलू लागतो, आणि मेंदूही ही नवी कामगिरी काही आठवड्यांच्या सरावाने शिकून घेतो.

तुटलेला तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. नितंबात तुटलेल्या तंतूला पावलापर्यंत पोहोचण्यास अडीच-तीन वर्षे लागतील, आणि तोवर तेथील स्नायू बहुधा वाळून गेलेले असतात. गुडघ्यापाशी इजा झाली असेल तर आशा पुष्कळ असते. मधला तुकडाच नष्ट झाला असेल तर शल्यवैद्य पोटरीच्या मागून सुरल नावाचा बारीक तंतू काढून तेथे सांधतात. रुग्णाला त्याची किंमत पावलाच्या बाहेरच्या कडेवरील थोड्या बधिरतेने मोजावी लागते. वाट पाहण्याच्या काळात पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी रात्रंदिवस वापरावी, नाहीतर टाचेची कंडरा आखडते आणि तंतू परत आला तरी पाऊल वळत नाही. पट्टीचे वळ पडतात, मुले ती काढून फेकतात, वडीलधाऱ्यांना तिची लाज वाटते; तरीही ती घालावीच.